तळाचा दरवाजा शेवटचा कधी उघडला?

खासदार विहरा पेलोवाने विचारलं होतं एवढंच, की यावोर धरणाच्या तळाचा दरवाजा शेवटचा कधी उघडला? चौदा दिवसांनी मंत्र्यांच्या सहीनिशी उत्तर आलं, ते दीड पानांचं. धरणांच्या सुरक्षिततेला सरकार किती महत्त्व देतं ते त्यात होतं, तीन समित्यांची नावं होती, येत्या काळात करायच्या उपायांची यादी होती. तारीख मात्र कुठेच नव्हती.

संसदेच्या उपाहारगृहात समोर बसलेला तिच्याच पक्षाचा एक खासदार बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, की उत्तर आलं ना, मग झालं तर. विहराने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. तोंडाला पानं पुसण्याला उत्तर म्हणायची तिला सवय नव्हती. सव्वीस वर्षं ती भूमापक होती. खांद्यावर तिपाई घेऊन डोंगर चढताना तिचे गुडघे झिजले होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने एका नकाशावर 'अंदाजे' असं लिहिलं होतं, तेव्हा तिच्या साहेबांनी तो नकाशा तिच्यादेखत टराटरा फाडला होता. तो शब्द नंतर तिने कधी लिहिला नाही.

संसदेत ती आली ती नशिबाने. पक्षाच्या उमेदवारांच्या जिल्हा-यादीत तिचं नाव तिसरं होतं, केवळ एखादी बाई असावी म्हणून घातलेलं. निवडून आलेला सोडून गेला की त्याची जागा यादीतल्या पुढच्याला मिळते. पहिला राजदूत होऊन परदेशी गेला, दुसऱ्याची तब्येत बिघडली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी विहरा एक सुटकेस घेऊन राजधानीत, सोफियाला येऊन पोचली. पहिले काही महिने ती गप्प बसून होती. ती बोलायला लागली ती झ्लातिनामुळे.

झ्लातिना रांगेलोवा एप्रिलमध्ये तिला जिल्ह्याच्या गावी भेटायला आली होती. लोकांना भेटण्याचा दिवस होता. बाहेर रांग होती, कुणाला पेन्शनचं काम होतं, कुणाला मुलाच्या नोकरीचं. झ्लातिना एकसष्ट वर्षांची, रुंद खांद्यांची बाई. दोल्नी यावोर गावाच्या वर जे धरण आहे, तिथे ती बावीस वर्षं राखणदार होती. चार वर्षांपूर्वी ती जागाच रद्द झाली. खुर्चीत बसल्या बसल्या तिने सांगून टाकलं, की मला नोकरी परत नको आहे. सांगायचं आहे ते वेगळंच. तळाचा दरवाजा गंजून बसलाय. सांडव्यात पॉपलरची झाडं माणसाच्या उंचीची झाली आहेत. दर वसंतात पाणी भिंतीच्या माथ्याला भिडायला येतं, आणि खाली तीनशे घरं आहेत. शाळा तर सगळ्यात खोलगट जागी. तिने सगळीकडे पत्रं लिहिली होती. प्रत्येकाने ती पुढच्याकडे पाठवली होती.

"मी विचारलं की ती तक्रार होते, बाई," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं की त्यांना सही करावी लागते. म्हणून आले."

त्याच रविवारी विहरा आपलं जुनं मोजणीयंत्र घेऊन धरणावर गेली. झ्लातिनाने पट्टी धरली. पाणी माथ्यापासून एकसष्ट सेंटिमीटर खाली होतं. शाळेचा उंबरठा पाण्याच्या पातळीपासून एकोणीस मीटर खाली. विहराने मोजमाप वहीत उतरवलं. आयुष्यभर तिने आकडे लिहिले होते, पण एखाद्या आकड्याची भीती वाटावी असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

दीड पानांचं उत्तर आल्यावर तिने ठरवलं, की प्रश्न आता लहान करायचे. इतके लहान, की दीड पान लिहायला जागाच उरू नये. दर सोमवारी सकाळी ती आवक-जावकच्या खिडकीवर जाऊन एक प्रश्न देऊ लागली. दरवाजाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? उत्तर आलं, नियमानुसार योग्य त्या ठिकाणी. त्या व्यक्तीचं नाव काय? वैयक्तिक माहिती देता येत नाही. बरं, हुद्दा काय? संबंधित अधिकारी. दरवाजा हाताने फिरवायचं चाक जागेवर आहे का? जलबांधकाम खात्याच्या सर्व साधनसामग्रीची देखभाल वेळोवेळी केली जाते.

संसदेत तिचं नाव पडलं 'किल्लीवाली बाई'. जलबांधकाम मंत्री रादोस्तिन वाल्चानोव हा उंच, हसतमुख माणूस, बोलण्यात पटाईत. एका शुक्रवारी सभागृहात तो म्हणाला, की पेलोवाबाईंनी घराची किल्ली हरवली असेल तर माझं खातं शोधायला मदत करील. सगळे हसले. तिच्या पक्षाचे लोकही हसले, आणि विहराने कोण कोण हसलं ते नीट बघून घेतलं. पुढच्या सोमवारी ती पुन्हा खिडकीवर हजर होती.

जूनच्या शेवटी, नवव्या प्रश्नाला, अखेर एक तारीख आली. तिने विचारलं होतं, गेल्या पाच वर्षांत दरवाजाची चाचणी झाली का, हो किंवा नाही, आणि तारीख. उत्तर होतं, यंदा चौदा मार्चला विजेच्या मोटरीने चाचणी घेतली, दरवाजा सुस्थितीत आहे. खाली मंत्र्यांची सही.

विहराने झ्लातिनाला फोन केला. मग झ्लातिना म्हणाली, की चौदा मार्चला ती दिवसभर धरणाच्या भिंतीखालीच होती, मधमाश्यांच्या पेट्या हलवत. तिथे माणूस काय, कुत्रंही फिरकलं नव्हतं. आणि मोटर कशावर चालवली त्यांनी? ती तिथे राखणदार असतानाच वीज तोडली होती की.

पण एका मधमाश्या पाळणाऱ्या बाईचा शब्द एका बाजूला आणि मंत्र्याची सही दुसऱ्या बाजूला ठेवली, तर कुठलं पारडं जड होणार हे विहराला न कळण्यासारखं नव्हतं. तिला कागद हवा होता, आणि तोही त्यांच्याच हातचा.

रस्ता दाखवला तो स्नेझिनाने. स्नेझिना म्हणजे आवक-जावकच्या खिडकीमागे एकोणीस वर्षं बसलेली कारकून, चष्मा साखळीला लावलेली, कुणाशी अवाक्षर जास्त न बोलणारी. त्या सोमवारी तिने विहराचा कागद घेतला, वाचला, शिक्का मारला, आणि पोच देताना नेहमीच्याच सपाट आवाजात म्हणाली, "तक्ता मागा बाई. सगळ्या जिल्ह्याचा. वाक्य लिहायला मंत्र्यांच्या दालनातली हुशार माणसं असतात. तक्ता खालचे लोक भरतात, आणि त्यांना रकाना मोकळा सोडता येत नाही."

एवढं बोलून तिने पुढच्याला हाक मारली.

विहराने तक्ता मागितला. यावोरचं नावही घेतलं नाही. जिल्ह्यातल्या खात्याच्या सर्व बांधकामांना वीजजोडणी आहे का, कधीपासून, आणि नसेल तर कधी तोडली. शिवाय हाताने फिरवायची चाकं कुठे आहेत आणि कुठे नाहीत. प्रश्न इतका रटाळ होता की तो वरच्या कोणी वाचलाच नसावा. अधिवेशन उन्हाळ्यासाठी संपलं. उत्तर ऑगस्टच्या अखेरीला आलं, एकेचाळीस ओळींचा तक्ता. सत्ताविसाव्या ओळीत लिहिलं होतं: यावोर, वीजजोडणी नाही, चार वर्षांपूर्वी नऊ ऑक्टोबरला तोडली. हातचाक: दुरुस्तीसाठी काढून नेलं, परत बसवलेलं नाही. खाली तीच सही.

विहराने जूनचं उत्तर आणि हा तक्ता शेजारी शेजारी ठेवले. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. म्हणजे दरवाजा खरोखरच उघडत नव्हता.

सप्टेंबरमध्ये संसद पुन्हा भरली, आणि तिने पहिल्याच शुक्रवारसाठी सभागृहात तोंडी उत्तर मागितलं. दोन कागदांची गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, पण तक्ता गेल्याचं मंत्र्यांच्या दालनात कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. त्याआधीच्या बुधवारी तिच्या पक्षाचा नेता ल्युबेन तोप्चिएव याने तिला बोलावून घेतलं. त्याने कॉफी मागवली, गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आला. वाल्चानोवच्या पक्षाशी बोलणी चालू आहेत. नाजूक आहेत. प्रश्न मागे घेतलास तर कुणी काही म्हणणार नाही, तुझं काम सगळ्यांनी पाहिलंच आहे.

विहरा म्हणाली, मागे घेणार नाही.

तोप्चिएव हसला. "विहराताई, या खुर्चीवर तू माझ्यामुळे बसली आहेस, हे विसरू नकोस."

"यादीत नाव तुम्ही घातलंत," ती म्हणाली. "मतं त्या तीनशे घरांतूनही आली आहेत. आणि प्रश्न विचारायचा हक्क घटनेने दिलाय, तुम्ही नाही. तेव्हा तो तुम्हाला काढून घेता यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी, ती संसदेच्या ज्या समितीवर होती, तिच्यातून काढल्याची चिठ्ठी आली. ती तिने वाचली आणि कोटाच्या खिशात कोंबली. घरी नवरा असता तर त्याच्यापाशी चार शिव्या तरी देता आल्या असत्या, पण तो जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्याच दुपारी वाल्चानोव स्वतः तिला जिन्यात भेटला. या वेळी तो हसत नव्हता. आवाज खाली आणून त्याने सांगितलं, की धरणाचं काम वसंतात हाती घेऊ, शब्द देतो. गाजावाजा न करता सगळं नीट होईल. गाजावाजा झाला तर मात्र चौकशी लागेल, आणि चौकशीत वर्ष जाईल. गाव तुमचं, विचार करा.

विहरा क्षणभर डगमगली. त्याचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं. गावाला दरवाजा उघडून हवा होता, सभागृहातली टाळी नको होती. पण पावसाळी नोव्हेंबर वसंताच्या आधी येतो, हे त्याच्या बोलण्यात कुठे नव्हतं.

"हेच लेखी द्या," ती म्हणाली. "तारखेसकट. आत्ता मागे घेते प्रश्न."

तो दोन दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

शुक्रवारी सकाळी सभागृह अर्धं रिकामं होतं. वर पत्रकारांच्या बाकावर चौघे-पाचजण, आणि कोपऱ्यात काळा रुमाल बांधलेली झ्लातिना. विहराला दोन मिनिटं होती. तिने भाषण केलंच नाही. पहिला कागद वाचला, चौदा मार्च, विजेची मोटर. दुसरा वाचला, वीज चार वर्षांपूर्वी तोडलेली. दोन्हीवर कोणाची सही आहे तेही वाचलं, आणि वेळ उरला असताना खाली बसली.

वाल्चानोव उठला. त्याला मागून कुणीतरी चिठ्ठी दिली होती. ती वाचून तो म्हणाला, की मोटर हा लिहिणाऱ्याचा प्रमाद, दरवाजा हाताने उघडला होता.

विहरा उठली. "मंत्रिसाहेब, तुमच्याच तक्त्यात लिहिलंय की चाक काढून नेलंय. तरीही तुम्ही म्हणता हाताने उघडला, तर असेल. मी गुडघे दुखत असतानाही वर धरणावर येते. येत्या मंगळवारी तुम्ही या, आणि आमच्यासमोर उघडून दाखवा. उघडला तर मी याच जागी उभी राहून तुमची माफी मागीन आणि खासदारकी सोडीन."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, की जा की हो साहेब. वाल्चानोवने वर पत्रकारांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर विहराला पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली. मार्चमध्ये तिथे कुणी गेलं होतं की नाही, हे या माणसाला खरोखरच माहीत नव्हतं. त्याने आलेले कागद सही करून पुढे सरकवले होते. तो म्हणाला, "येतो."

मंगळवारी दोल्नी यावोरच्या अंगणाअंगणांत मिरच्या भाजायचं काम चालू होतं. सगळ्या गावावर तो तिखट धूर पसरला होता. मंत्र्यांच्या तीन गाड्या त्यातूनच वर गेल्या, आणि त्यांच्यामागे हातातलं काम टाकून निम्मं गाव. भिंतीवर दरवाजाची खोली होती, काँक्रीटची, एका माणसाला आत वळता येईल एवढी. खात्याचा जिल्ह्यातला संचालक किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे झाला. पहिली किल्ली लागली नाही. दुसरी लागली नाही. जुडग्यात अकरा किल्ल्या होत्या आणि संचालकाने अकराही लावून पाहिल्या. तोवर त्याची मान घामाने भिजली होती. गावकऱ्यांपैकी कुणी हसलं नाही. शेवटी वाल्चानोवच म्हणाला, की कुलूप तोडा. एका शेतकऱ्याने लोखंड कापायची कात्री आणली.

आत गंजाचा वास होता. मोटरीच्या डब्यात पाखरांनी काड्यांचं घरटं केलेलं. चाकाच्या जागी नुसता दांडा, आणि तो गंजाने फुगून नळीत चिकटलेला. झ्लातिना सगळ्यांना बाजूला सारून आत आली. तिने दांड्यावर हात ठेवला, बावीस वर्षं रोज ठेवायची तसा, आणि मंत्र्याकडे वळून शांतपणे विचारलं, "आता सांगा साहेब, मार्चमध्ये कोण आलं होतं?"

वाल्चानोवने संचालकाकडे पाहिलं. संचालक किल्ल्यांचा जुडगा खिशात घालू लागला.

विहराने पिशवीतून कागद काढला. त्यावर तिचा नवा प्रश्न लिहिलेला होता: जलाशयाची पातळी पाच मीटरने कोणत्या तारखेपर्यंत खाली आणणार? तिने तो कागद आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"इथे?" तो म्हणाला.

"इथेच. उत्तर कुठे लिहायचं ते नियमात सांगितलेलं नाही."

खाली शाळा सुटली होती. मुलांचा गलका वर ऐकू येत होता. वाल्चानोवने भिंतीवरून खाली पाहिलं, पाण्याकडे एकदा आणि छपरांकडे एकदा. मग त्याने कागद भिंतीवर टेकवला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, दहा ऑक्टोबर. सही केली. त्याचं अक्षर फार वाईट होतं.

पंप आणि मोठाले पाइप चौथ्या दिवशी आले. रात्रंदिवस त्यांचा घरघराट चालला, ओढ्याला कधी नव्हतं एवढं पाणी आलं, आणि आठ ऑक्टोबरला विहराने मोजणीयंत्र लावून पाहिलं तेव्हा पाणी पाच मीटर वीस सेंटिमीटर उतरलेलं होतं. संचालकाला घरी बसवलं. वाल्चानोव मात्र मंत्रिपदावर राहिला. त्याने मुलाखतीत सांगितलं, की धोका आपणच वेळीच ओळखला. विहराला ते वाचून हसू आलं, पण तिने त्यावर प्रश्न टाकला नाही.

नोव्हेंबरात सलग तीन दिवस पाऊस कोसळला. शेजारच्या खोऱ्यात एक पूल वाहून गेला. यावोरचं पाणी साडेतीन मीटर चढलं आणि थांबलं. शाळा चौथ्या दिवशी नेहमीसारखी भरली. त्याची बातमी कुठेच आली नाही, कारण घडलं काहीच नव्हतं. झ्लातिनाने फोनवर पातळी सांगितली, आणि विहराने ती वहीत लिहून घेतली.

वसंतात निवडणूक लागली. यादीत विहराचं नाव नव्हतं. तोप्चिएवने तिला बोलावून समजावलं, की नव्या चेहऱ्यांना संधी द्यायची आहे. तिने यादी बघितली. पहिल्या क्रमांकाचा नवा चेहरा सदुसष्ट वर्षांचा होता. तिने तेवढं बोलून दाखवलं आणि उठली. वाईट वाटलं, नाही असं नाही. शेवटच्या दिवशी ती खिडकीवर गेली तेव्हा स्नेझिनाने चष्मा काढून तिच्याशी हात मिळवला. विहराने वर्षभरात सदतीस प्रश्न दिले होते. तेवढे याआधी कुणी दिले होते का, असं तिने विचारलं. स्नेझिना म्हणाली, की मोजून सांगते, आणि खरंच मोजायला बसली.

घरी परतल्यावर विहराला वाटलं होतं, आता विश्रांती. पण तिसऱ्याच आठवड्यात वरच्या गावातल्या दोन बायका आणि एक म्हातारा तिच्या दारात उभे राहिले. त्यांच्या दवाखान्यात पाच महिने डॉक्टर नव्हता, आणि कागदावर होता. विहरा म्हणाली, की मी आता कुणी नाही. म्हातारा म्हणाला, ठाऊक आहे, म्हणून तर सरळ घरी आलो.

माहिती मागायचा हक्क नागरिकालाही असतो, फक्त तो कसा मागायचा हे कुणी शिकवत नाही. पुढच्या रविवारी झ्लातिनाच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली लांब टेबल मांडलं गेलं, आणि त्याभोवती सतरा माणसं बसली. विहराने पहिला अर्ज वाचला. त्यात तीन पानं गाऱ्हाणं होतं. तिने तो बाजूला ठेवला आणि म्हणाली, की राग आपल्यापाशी ठेवा, कागदावर नाव, तारीख आणि आकडा मागा. एका वेळी एक गोष्ट. आणि जमलं तर तक्त्यात.

"आणि उत्तर नाहीच दिलं तर?" एका बाईने विचारलं.

"पंधराव्या दिवशी पुन्हा विचारायचं. तुम्हाला कुठे जायचंय?"

सोमवारी पोस्टातल्या बाईला एकदम एकतीस नोंदणी पत्रं घ्यावी लागली. आधी ती कुरकुरली, मग एक पत्र उलटंसुलटं करून बघितलं, आणि आपल्या गल्लीतल्या दिव्यांसाठी असंच लिहिता येईल का, असं विचारलं. दहाव्या दिवशी विहराच्या घरचा फोन वाजला. सोफियाहून नव्या सरकारातल्या एका मंत्र्यांच्या दालनातला कुणी तरुण अधिकारी होता, बोलणं अगदी मऊ. तुमच्या भागातून अचानक बरेच अर्ज आले आहेत, असे अजून किती येणार आहेत, असं त्याला जाणून घ्यायचं होतं.

विहराने वाफाळता चहाचा पेला खाली ठेवला आणि सांगितलं, की चांगला प्रश्न आहे, लेखी पाठवा.